पंधरा नंबर

लालासाहेबाच्या डाव्या हाताची दोन बोटं कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली, तेव्हा अख्खं रहिमतपूर म्हणालं, बोटांवर निभावलं, हात वाचला. बास्केटबॉलच्या पंचाला बोटं किती लागतात, हे गावाला कुठून ठाऊक असणार? मला मात्र तेव्हाच धस्स झालं होतं.

फौजेतून सुभेदार होऊन आलेला हा माणूस ऊस आणि म्हशी सांभाळायचा, पण खरा जगायचा तो पंचाच्या करड्या शर्टात, गळ्यात शिट्टी अडकवून. मी त्याचा जोडीदार पंच. फाउल झाला की शिट्टी मारायची, मूठ वर करायची, मग गुणलेखकाच्या टेबलापुढं जाऊन खेळाडूचा नंबर हातानं दाखवायचा. पंधरा म्हणजे दहाची उजवी मूठ आणि पाचाचा डावा पंजा पुरता उघडा. लालासाहेबाचा उघडा पंजा आता तीनच बोटांचा होता.

बोटं गेल्यानंतरचा त्याचा हा पहिलाच सामना. सांगलीत, मुलींची फायनल, सातारा विरुद्ध सांगली. नंबर तो तोंडानंही सांगत होता, पण हलगीच्या दणक्यात कुणाला ऐकू जाणार? त्यानं सांगलीच्या पंधरा नंबरचा फाउल दाखवला आणि टेबलावर तेरा लिहिलं गेलं. तेरा नंबरची पोरगी तर बाकावर पाणी पीत बसली होती. चूक लगेच दुरुस्त झाली, पण पंचांना तीनच्या पुढं मोजता येत नाही, असं गर्दीतून कुणीतरी ओरडलं आणि मैदानभर हशा पिकला. त्या माणसाच्या कानाखाली वाजवावी, असं मला वाटलं. लालासाहेबानं डावा हात खिशात घातला.

मध्यंतरात मी त्याला म्हटलं, हात बदल, मूठ डावी कर.

"उजवी मूठ म्हंजी उजवी मूठ, गड्या. नियमात तसंच हाय."

शेवटी शेवटी गुण बरोबरीत होते. साताऱ्याची क्रांती बास्केटखाली उडाली आणि धाडकन खाली आपटली. मी पार पलीकडं होतो, मला नुसतं पडणं दिसलं. लालासाहेब तिच्याजवळच उभा होता, शिट्टी तोंडात. वाजली नाही. चेंडू सांगलीकडं गेला, बास्केट झाली, सामना संपला. क्रांती गुडघा धरून त्याच्याकडं बघत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं.

नंतर तो कपडे बदलायच्या खोलीत शर्टही न काढता बसून होता. मी म्हटलं, मध्ये खेळाडू आल्या असतील, दिसलं नसेल, होतं असं.

"दिसलं रं. पंधरा नंबरनं बरगडीत कोपर घातलेलं चांगलं दिसलं." तो खाली बघत होता. "शिट्टी मारली असती, तर टेबलापुढं जाऊन पंधरा दाखवाय लागलं असतं."

त्यानं गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली आणि त्या पोरीची माफी मागायला बाहेर गेला. साताऱ्याची गाडी निघून गेली होती.