उलट्या नदीतील चपटा कुंचला

दिनांक २० मे २०२४, दुपारी तीन वाजून वीस मिनिटे. त्या वेळी मी अकोल्यातील एका घरात, सुरू कूलरसमोर, रंगाने माखलेला पडून होतो आणि वाया गेलेल्या चित्रांची संख्या सहा झाली होती.

मित्रांनो, मी एक जुना, एक इंच रुंदीचा चपटा कुंचला आहे. माझे केस नायलॉनचे, दांडा लाकडाचा, आणि दोघांना धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी. नऊ वर्षांपूर्वी अमरावतीच्या दुकानात मोरोपंतांनी माझे केस बोटावर तीनदा वाकवून पाहिले आणि मगच मला निवडले. तंत्रनिकेतनात त्यांनी तीस वर्षे यंत्रांची रेखाटने शिकवली होती. निवृत्तीनंतर ते अ‍ॅक्रिलिक रंगांत नद्या रंगवू लागले. काम संपताच ते मला साबणाने धुवून आडवे ठेवीत. "हा सांगितलेल्या रेषेत चालतो," असे ते पत्नीला, प्रमोदिनीबाईंना, अभिमानाने सांगत. त्या एका वाक्यावर मी आठ वर्षे सुखाने काढली.

यंदा मात्र बेबीताईंनी नदी मागितली. त्या दारावर भाजी आणत. बाळापूरला मन नदीच्या वाळूत त्यांची डांगरवाडी होती. उन्हाळ्यात पाणी ओसरले की आळी करून त्या आणि त्यांचे पती टरबुजे पिकवीत. पती गेले, वाडी मोडली. एक जूनला त्या मूर्तिजापूरला लेकीकडे कायमच्या जाणार होत्या.

"मले आमची नदी काढून द्या, सर. तेवढीच सोबत नेतो."

मोरोपंतांजवळ त्या जागेचे जुने स्केच होते, तरुणपणी ट्रेसिंग पेपरवर काढलेले. त्याचा नाव लिहिलेला कोपरा कसरीने खाल्ला होता. बेबीताईंच्या मुलाने, शुभमने, मोबाइलवर फोटोही काढून पाठवला. स्केचमध्ये किल्ला उजवीकडे होता, फोटोत डावीकडे. "मोबाइल फोटो उलटे काढतो," असा निर्णय देऊन मोरोपंतांनी फोटोच संगणकावर आरशासारखा उलटा करून घेतला. स्वतःच्या स्केचवर त्यांना शंका आली नाही.

मग चौकटी आखून चित्रे सुरू झाली. प्रत्येक वेळी बेबीताई बघून म्हणत, "नदी चांगली हाये, पन आमची नोहे." काय चुकले ते त्यांना सांगता येईना, आणि मोरोपंतांना सापडेना. ते पाण्याचा निळा बदलत, आभाळ पुसत. पाचव्या चित्राला ते माझ्यावर खेकसले, "या कुंचल्यातच दम उरला नाही!" मित्रांनो, मी सांगितलेल्या रेषेतच चाललो होतो. हे कोणाला सांगू?

"रोज नवा कॅनव्हास, रोज तोच राग," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "कुंचल्याला काय बोलता?"

सहाव्या चित्रापुढे बेबीताई एकदम खाली बसल्या, जणू वाळूतच बसल्या.

"म्या अशी डांगरं घेऊन बसो, त किल्ला माह्या डाव्या हाताले राहे. तुमचा उजवीकडं काहून गेला जी?"

"बेबीताई, मी मोजून काढलंय."

"मोजलं असन. पन किल्ला काई बकरी नोहे, चरत चरत इकडं याले!"

मोरोपंतांनी मला आहे तसेच रंगाच्या थाळीत टाकले. त्यांनी ट्रेसिंग पेपर उचलला, उलटा केला, खिडकीशी धरला. किल्ला डावीकडे गेला. नावाचा कोपरा नसल्याने पारदर्शक कागद इतकी वर्षे पाठीकडून पाहिला जात होता. मग त्यांनी शुभमचा मूळ फोटो काढून सहाही चित्रे एकेक करून त्याच्याशी ताडून पाहिली.

या पडताळणीत पंचवीस मिनिटे गेली. कूलरच्या वाऱ्यात अ‍ॅक्रिलिक वाळायला तेवढी पुष्कळ होतात. मी दगड झालो होतो. कोमट पाणी, साबण, स्पिरिट, सारे झाले. माझे जेमतेम एक तृतीयांश केस मोकळे झाले, बाकीचे ताठच राहिले. सातवी नदी नव्या कुंचल्याने रंगवली. मला फक्त खडबडीत वाळूसाठी घेतले.

मित्रांनो, रंग ओला आहे तोवर कुंचला धुवा. आणि हत्याराला दोष देण्यापूर्वी आपला कागद एकदा उलटून पाहा. मला राग आहे तो एवढ्याचाच, की दोन्ही कामे मिळून पाच मिनिटांची होती.

एकतीस मे रोजी बेबीताईंनी सातवे चित्र पाहिले. या वेळी त्या "पन" म्हणाल्या नाहीत. डोळ्यांना पदर लावून त्यांनी वाळूवर बोट टेकवले. "हे आमचं आळं."

त्या चित्रातील माझे काम : चार चौरस इंच वाळू.