लाल रेघ

आमच्या धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी मी लिहायला शिकलो. तेव्हा मला त्रेसष्ट वर्षं पुरी झाली होती. जलाशयावर तीस वर्षं पाण्याची पातळी मोजायचं काम केलं. पट्टीवरचे आकडे वाचता यायचे, म्हणून अक्षरांवाचून माझं काही अडलं नव्हतं. धाकटी सासरी गेल्यावर बायकोने तिची पहिलीची पुस्तकं माळ्यावरून काढली आणि मला समोर बसवलं.

शिकलो ते एका माणसाचं तोंड बंद करायला. तो माणूस म्हणजे माझा साडू, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. जलाशयाच्या काठी पक्षी बघणाऱ्यांसाठी एक लाकडी खोली आहे. आत बाक, समोर बघायला लांबट फट आणि दोरीने बांधलेली वही. काय दिसलं ते ज्याने त्याने वहीत लिहायचं. वहीची देखरेख मास्तरांकडे. लाल पेन फक्त त्यांच्या खिशात.

दर रविवारी सकाळी दोघी बहिणी बांधावरून पुढे चालायच्या आणि आम्ही दोघे मागे.

"काय पट्टीवाले, आत्ता उडाला तो कोण?"

"खंड्या."

"मग मांडा की वहीत. नाहीतर अंगठा उठवा, शाई मी आणतो."

मी बायकोला म्हटलं, पुढच्या रविवारपासून येत नाही. ती म्हणाली, "मला माझ्या बहिणीला भेटायचंय. तुम्ही भांडत पाण्यात पडलात, तर आम्हा दोघींना पोहता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा."

त्या वर्षी पाणी लवकर उतरलं. जुन्या मोरीपाशी, पाणगवतात, मला एक तरंगतं घरटं दिसलं. डोक्यावर तुरा असलेली मोठी टिबुकली अंड्यांवर ओलं गवत ओढून पाण्यात उतरत होती. तीस वर्षांत तिथे ती कधी घरटं करताना मी पाहिली नव्हती. खोलीत जाऊन मी लिहिलं, 'तुरेवाली मोठी टिबुकली. घरटं. जुनी मोरी.' एवढ्याला पाव तास लागला.

पुढच्या रविवारी त्या ओळीवर लाल रेघ होती. शेजारी लिहिलं होतं, 'अशक्य. बघणारा नवशिका.' कॅमेरे घेऊन बसलेली चार माणसं ते वाचून हसत होती.

"मास्तर, माझी ओळ का खोडली?"

"बदक असेल ते."

"तीस वर्षं हे पाणी बघितलंय मी."

"पाणीच बघितलंत," मास्तर म्हणाले आणि चालू लागले.

माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या रेघेखाली पुन्हा लिहिलं आणि या वेळी काही शिल्लक ठेवलं नाही. मोरीच्या तोंडापासून डावीकडे चाळीस पावलं, मोठा चपटा दगड, तिथून पाण्यात सात हात. मोजमापात मी कधी चुकलो नाही.

त्या आठवड्यात किती लोक येऊन गेले कुणास ठाऊक. रविवारी आम्ही पोचलो तेव्हा चपट्या दगडाभोवतीचं गवत आडवं झालं होतं आणि चिखलात बुटांचे ठसे होते. पक्ष्याला अंडी झाकायला सवड मिळाली नसावी. घरटं कलंडलेलं, अंडी फोडलेली, वर कावळे.

घरट्याची जागा वहीत लिहायची नाही, असा तिथला नियम होता. तो कुठेही लिहिलेला नव्हता, कारण वहीत लिहिणाऱ्या सगळ्यांना तो ठाऊक होता.

खोलीत मास्तर वही उघडून बसले होते. बाकावर माणसं होती, तरी त्यांनी आवाज कमी केला नाही.

"तू लिहिलेलं खरं होतं, गाढवा. म्हणून खोडलं. मी बारा वर्षं त्या पक्ष्याच्या घरट्याची वाट बघत होतो."

"मग मला तसं सांगायचं. चार माणसांत नवशिका कशाला म्हटलंत?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"विचारून बघायचं होतं."

"अंगठेबहाद्दर होतास तेच बरं होतं. पाखरं तरी जगत होती."

त्यांनी लाल पेन काढलं, माझ्या दोन्ही ओळींपुढे 'खरे' असं लिहिलं, खाली सही केली आणि वही माझ्या अंगावर ढकलली. दोरी ताणली म्हणून ती छातीला लागली नाही.

"घे. हेच हवं होतं ना?"

हवं होतं. मी ते दोनदा वाचलं. मग बाहेर पडलो.

त्यानंतर बहिणी-बहिणीच फिरायला जात. टिबुकलीने तिथे पुन्हा घरटं केलं नाही. मी दर वर्षी एकटा जाऊन बघतो.

आमच्या थोरल्या मुलाने घर बांधलं त्या वर्षी, मार्चच्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी मास्तर वारले. तोवर चार वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.