भूमिपूजनाची चिठ्ठी

परळला समाजकार्य शिकवणाऱ्या संस्थेच्या नव्या इमारतीचं भूमिपूजन होतं. शेजारच्या चाळीतल्या पाच सवाष्णी बोलवायच्या ठरल्या, आणि तिथं शिकणाऱ्या सुमतीने चाळीच्या गेल्या वर्षीच्या पाहणीतून नावं उतरवून चिठ्ठ्या धाडल्या. त्यांतल्या कमलचा नवरा गणपत जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातल्या गोळीबारात गेला, हे त्या जुन्या कागदांत कुठून असणार!

कमलला तीन महिन्यांत कुणी कशालाच बोलावलं नव्हतं. चिठ्ठी आली तशी ती लुगडं नेसून आली.

कुंकवाची कोयरी पुढे आली तेव्हा ती सरळ म्हणाली, "माका नको, बाई. माझो घोव गेलो."

सुमतीने हातातली यादी पुन्हा बघितली. भटजी खाली बघत राहिले.

"मागे सर गो," शेजारची यशोदा कुजबुजली.

"कित्याक? चिठ्ठी माझ्या नावाची हा."

सुमतीने कुदळ तिच्याच हातात दिली. कमलने घाव घातला. आता तरी ही रडेल, असं सगळ्यांना वाटलं. तिचे डोळे कोरडेच होते. तिने दुसरा घाव घातला, मग तिसरा.

"कमलताई, एकच घालायचा असतो," सुमती म्हणाली.

"एकान काय होतला?" कमल म्हणाली, आणि खणत राहिली.