मोरीत ओतायचं पाणी

प्रयोगशाळेत पाठीमागे त्यांना ‘मवाळ सर’ म्हणत. आख्ख्या नोकरीत ते कुणावर ओरडले नव्हते. गरजच पडली नव्हती.

सरांचं नाव झालं ते एका फोटोमुळे. पेशीचं आवरण स्निग्ध. सौम्य साबणाच्या पाण्यात ते विरघळतं आणि आतला प्रथिनांचा सांगाडा तेवढा उरतो, तंबूचं कापड काढल्यावर काठ्या उराव्यात तसा. त्या उरलेल्या सांगाड्याचा फोटो जिन्यात टांगलेला होता. ‘सौम्य साबण सांगाड्याला हात लावत नाही’ हे सरांचं वाक्य मुलं परीक्षेत लिहीत आणि पास होत.

त्यांच्याकडे संशोधन करणाऱ्या मुलीने भलतंच केलं. सगळे पेशींच्या बशीत काय उरलं ते बघतात. तिने बशीतून काढलेलं, मोरीत ओतायचं साबणाचं पाणी तपासलं.

“सर, सांगाड्याचे धागे एकमेकांना बांधून ठेवणारी प्रथिनं या पाण्यात येताहेत. साबण हळूहळू गाठी सोडवतोय. फोटोत सांगाडा उभा दिसतो, पण जरा धक्का लागला की बसेल.”

“छान,” सर म्हणाले. “परत एकदा करून बघ हं.”

तिने केलं. तेच आलं.

“घाई कशाला? अजून एकदा.”

आधी ती हुज्जत घालायची. मग नुसती मान डोलवू लागली. पुढे विचारायचीच थांबली. पोरगी समंजस झाली, असं सरांना वाटलं.

मग तिचाच निष्कर्ष दुसऱ्याच कुणी छापला. आज ती आपला खण रिकामा करत होती.

“कुठे निघालीस गं?”

“शाळेत शिकवायला. सोपं काम, सर. पुस्तकातलं ते बरोबर.”

“माझ्यावर एकदा चिडायचं तरी होतंस.”

“चिडू कुठे दिलंत? तुम्ही एकदा ‘साफ चूक’ म्हणाला असतात ना, तर भांडून छापलं असतं मी.”

‘तुझंच बरोबर होतं’ हे सरांच्या अगदी ओठांवर आलं. बाहेर पडलं ते, “चहा तरी घेऊन जा.”

“नको. बस चुकेल.”

ती गेल्यावर सरांनी स्वतः पेशींची एक बशी साबणाच्या पाण्यात ठेवली, बऱ्याच वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. सांगाडा दिमाखात उभा. त्यांनी ड्रॉपरने वरून पाण्याचा एक थेंब सोडला. सांगाडा मुकाट्याने बसला.

“परत एकदा,” सर सवयीने म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं. मग तेच उठले आणि दुसरी बशी शोधू लागले. बशा ती कुठे ठेवायची, हे त्यांना माहीत नव्हतं.