मास्तरांचं डावं-उजवं

आमच्या ह्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली. उरलेल्या अर्ध्यानेही शिकून घ्यायला हवं होतं, हे कुठल्याही चौकात उभं राहिलं की कळतं. ड्रायव्हिंग स्कूल चालवतात म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणतात, मीसुद्धा. मला मात्र त्यांनी शिकवलं नाही. लग्नानंतर एकदा प्रयत्न झाला होता. मी गाडी कुंपणात घातली, ते नुसते हसले, आणि मी उतरून तरातरा चालत घरी आले. त्यानंतर तो विषय आम्ही दोघांनीही शहाण्यासारखा मिटवून टाकला.

मग त्यांच्या हातांतली ताकद जायला लागली. आधी किल्ली फिरेना, मग शर्टाची बटणं लागेनात. तपासण्या झाल्या आणि मोटर न्यूरॉन डिसीज असं भारदस्त नाव हाती आलं. हात जातील, जीभ जड होईल, पुढे पायही जातील, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं, असं शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सांगितलं होतं, आणि मी नेमकी त्यावर विसंबून राहिले.

मास्तर जन्मभर जिभेवर साखर ठेवून बोलणारे. गाडी खांबाला घासणाऱ्यालाही ‘प्रगती आहे’ म्हणायचे. एके दिवशी त्यांनी शेजारच्या काकूंना विचारलं की तुमचा आवाज बंद कुठून करतात. पुढच्याच आठवड्यात आम्ही एका ओळखीच्यांकडे दुखवट्याला गेलो, तर तिथे यांना हसू आवरेना. मी घाईघाईने त्यांच्या तोंडावर रुमाल दाबला. लोकांना वाटलं, बिचारे हुंदके देताहेत. घरी जेवणाकडे ढुंकून बघत नसत, पण बिस्किटांचा पुडा मी कुठेही दडवला तरी त्यांना बरोब्बर सापडे.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, यांना विसर पडायला लागलाय का? त्यांनी नीट समजावलं. या आजारात काही जणांच्या मेंदूचा पुढचा भागही बदलतो. आठवणी पुसल्या जातात असं नाही, पण हवा तो शब्द हाताला लागत नाही, किंवा भलताच लागतो. मनात आलेलं अडवणारा लगाम सुटतो. गोडाचा हव्यास वाढतो. आणि समोरच्याला काय वाटतंय, हे कळणं कमी होतं. त्यांचं वागणं मनाला लावून घेऊ नका, असंही म्हणाल्या. मी लावून घेतलं. मी सगळ्यांचंच मनाला लावून घेते, मग नवऱ्यालाच का वगळायचं?

थोरले दीर, म्हणजे दादा, दर रविवारी येत आणि येताना बिस्किटं आणत. एका रविवारी ते म्हणाले, “याला मी माझ्याकडे नेतो. रात्री-अपरात्री श्वास लागला तर तू काय करणार? लेक तुझी दिवसभर शिकाऊ लोकांना घेऊन रस्त्यावर. तुला तर गाडीही येत नाही.”

यात खोटं काहीच नव्हतं, म्हणूनच मला राग आला. मी म्हटलं, लायसन्स काढते. दादा हसले. पुढे कितीतरी दिवस मी त्या हसण्यावरच गाडी चालवली, पेट्रोल नुसतं नावाला होतं.

शेजारच्या सीटवर लेक, तिच्या पायाखाली शिकवणाऱ्याचा जादा ब्रेक, आणि मागे पट्ट्याने बांधलेले मास्तर. स्कूलची गाडी आपल्याशिवाय हललेली त्यांना खपत नसे. लेक सांगू लागली की माझे पाय एकमेकांत अडकत. मास्तर मागून सांगू लागले की सगळं समजे. अडचण एवढीच की त्यांचे शब्द आपापली जागा सोडून गेले होते. क्लचला ते मावशी म्हणत आणि ब्रेकला उशी. ‘मावशीला हळू सोड’ म्हटलं की मी हळू सोडायची. ‘डोळा मार’ म्हणजे वळणाचा दिवा लाव, आणि ‘माफी माग’ म्हणजे गाडी मागे घे.

जोडीचे शब्द तर चक्क उलटे. चहाने जीभ पोळली की म्हणत, गार आहे. डावीकडे म्हणजे उजवीकडे, उजवीकडे म्हणजे डावीकडे. बहुतेक वेळा असं. एखाद्या वेळी मात्र शब्द सरळ पडे, आणि ती वेळ कोणती हे आधी कळायची सोय नव्हती. मी चुकीच्या बाजूला वळले की मागून ‘च्च’ येई. बरोबर वळले की शांतता. त्या ‘च्च’च्या धाकाने मी तयार झाले. लेक एकदा म्हणाली, “आई, तू गाडी शिकतेयस की बाबांना?”

परीक्षेच्या दिवशी परीक्षक साहेब म्हणाले, उजवीकडे घ्या. मी डावीकडचा दिवा लावला आणि असं देखणं वळण घेतलं की माझं मलाच कौतुक वाटलं. साहेब म्हणाले, उजवीकडे सांगितलं होतं. मी म्हटलं, घेतली की. त्यांनी आपले दोन्ही हात एकदा पाहून घेतले. पुढे ते ‘ब्रेक, ब्रेक’ म्हणाले, तेव्हा ब्रेक म्हणजे यांतलं कोण, हे मी आठवत बसले. मावशी नक्की नव्हे, इथवर आले होते, तोवर रस्त्याकडेचा कचऱ्याचा डबा आडवा झाला.

मी नापास होऊन रडत घरी आले. मास्तर खदखदून हसले. मी त्यांच्यावर कडाडले, तुमच्यामुळे झालं हे सगळं, असं तोंडावर म्हणाले. आजारपण आल्यापासून मी त्यांच्याशी भांडलेच नव्हते. खरं सांगते, फार बरं वाटलं.

पुढच्या वेळी मी शहाणपण केलं. साहेब जे म्हणतील ते आधी मनातल्या मनात मास्तरांच्या भाषेत करून घ्यायचं आणि मग पाय हलवायचा. त्यामुळे मी प्रत्येक वळणाआधी जरा थबकत होते. साहेबांना वाटलं, बाई विचारपूर्वक चालवतात. पास केलं.

लायसन्स मी मास्तरांच्या डोळ्यांसमोर धरलं. त्यांनी ते पाहिलं आणि बिस्किट मागितलं. मी बिस्किट दिलं, न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले. मेंदूचा पुढचा भाग वगैरे सगळं मला पाठ होतं. तरी रडले.

रविवारी दादा आले. लायसन्सचं त्यांनी कौतुक केलं, पण म्हणाले, आपण दोघं कशाला भांडायचं, त्यालाच विचारू. मास्तरांपुढे वाकून त्यांनी विचारलं, “इथे राहतोस की माझ्याकडे येतोस?”

“दादाकडे,” मास्तर म्हणाले.

लेकीचा चेहरा पडला. मी म्हटलं, त्यांचे जोडीचे शब्द उलटे पडतात. दादा म्हणाले, “तुझ्या सोयीने पडतात.” खात्री मलाही नव्हती. दादांच्या घरी बिस्किटांचा हा एवढा डबा होता. ज्याला माझं रडणं कळत नाही, तो माणूस डबा निवडू शकतो, हे मला चांगलं दिसत होतं.

दादा म्हणाले, आत्ताच नेतो. पण मास्तर त्यांच्या गाडीत बसेनात. पाय ओढत ओढत ते स्कूलच्या गाडीपाशी जाऊन उभे राहिले. मग मीच चालवायला बसले, दादा शेजारी, मास्तर मागे.

मोठ्या चौकातून उजवीकडे गेलं की दादांचं घर. डावीकडे गेलं की वळसा घालून पुन्हा आमचंच दार. मी आरशात बघून विचारलं, “मास्तर, कुठे घेऊ?”

“उजवीकडे.”

“ऐकलंस ना?” दादा म्हणाले.

ऐकलं होतं. मी मनाशी ठरवलं, आता मागून ‘च्च’ आलं तर मुकाट गाडी फिरवायची, यांना दादांकडे सोडायचं आणि पुन्हा कोणाशी भांडायचं नाही. मग मी डावीकडचा दिवा लावला आणि वळले.

कोपऱ्यावरचं दुकान मागे गेलं. शाळा मागे गेली. दादा तापले होते, ही सरळसरळ फसवणूक आहे, असं काहीबाही बोलत होते. माझे कान मागच्या सीटकडे होते. मागे शांतता. गाडी शाळेच्या कुंपणापुढे गेली तेव्हा मास्तरांचा आवाज आला, जड जिभेने एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखा.

“दादा, उतर.”

मी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. दादा आधी त्यांच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

“तुझ्या हिशोबाने उतर म्हणजे चढ ना?”

“तुम्ही आधीच चढून बसलायत, दादा.”

दादांनी पट्टा सोडला आणि उतरले. त्यांची गाडी आमच्याच दारात उभी होती, म्हणून ते मागून चालत आले. आम्ही आधी पोचलो.