कुंचला सोडताना

मेघनाला ‘कुंचला’ सोडायचं होतं. फोटो सुधारायचं हे फुकट सॉफ्टवेअर चार मित्रमैत्रिणींनी हौसेनं सुरू केलं. तिघं नोकरी-संसारात पांगले आणि लोढणं हिच्या एकटीच्या गळ्यात राहिलं. ऑफिसातून बोळिंजला घरी यावं, तर जगभरच्या तक्रारी वाट बघत बसलेल्या. शेवटी वैतागून तिनं कुंचला वापरणाऱ्या सगळ्यांना लिहिलं, "मला आता हे झेपत नाही. कोणीतरी सांभाळायला घ्या."

धावून आला तो आगाशीचा चिराग. त्याच्या दुकानात गावभरचे वाढदिवसाचे बॅनर कुंचल्यावरच व्हायचे. त्यानं वसई-विरारच्या बॅनरवाल्यांकडून गणपतीला काढतात तशी वर्गणी काढली आणि तिला आगाशीला बोलावून घेतलं.

बाजारात शिरताच ती थबकली. वर बॅनरवर तिचाच भलामोठा फोटो. ‘मेघनाताई, तुम्ही फक्त काम करा, बाकी आम्ही बघतो!’ खाली वर्गणीदारांचे चेहरे ओळीनं. त्यांत तिचे बाबासुद्धा!

"अरे, मला पैसे नको होते," ती कळवळून म्हणाली. "मला सुटायचं होतं."

"लाजू नका हो ताई. पुढच्या वर्षीचीही सोय केलीय," चिराग म्हणाला. "फक्त फोटोतून माणूस कापून काढताना केसांची कड फाटते ना, तेवढं बघा."

तिनं वर पाहिलं. तिच्या केसांची कड खरंच फाटली होती. कुंचल्यात चूक नेमकी कुठे असणार, हे तिला उभ्या उभ्याच कळलं, आणि तिला स्वतःचाच भयंकर राग आला.