मधली परीक्षा

मागून येणाऱ्या आपल्या बसमधून उडी टाकून धावत आलेल्या ओस्मिनने एवेलियोच्या ब्रेकवर सैल पडलेल्या बुटावर आपला बूट दाबला, तेव्हा कुठे त्याची बस थांबली. पुढे हातभर अंतरावर कलिंगडवाल्याची टपरी होती. एवेलियोचं डोकं मागे कललं होतं आणि गळ्यातलं रक्त शर्टाच्या खिशात साठत होतं. प्रवासी बाकांखाली पालथे पडले होते. ज्याने गोळ्या झाडल्या तो माणूस मोटरसायकलवर अजून तिथेच होता. हेल्मेटची काच वर करून त्याने ओस्मिनला नीट पाहून घेतलं आणि मग सावकाश निघून गेला.

एवेलियो हा ओस्मिनच्या धाकट्या बहिणीचा, दिल्सियाचा नवरा. दोघं चामेलेकोन वस्तीच्या एकाच मार्गावर बस चालवत. बसच्या मालकाने खंडणी थकवली की वस्तीतली टोळी मालकाला हात लावत नसे, ड्रायव्हर मारत असे. ओळखीचे इतके ड्रायव्हर गेले होते, की दोघांनी स्टिअरिंग सोडायचं ठरवलं होतं. दर शनिवारी ते इंजिनियर रोदास यांच्या वर्गात बसत. कॉम्प्युटर दुरुस्तीची पहिली परीक्षा दोघं बरोबरच पास झाले. पुढे नेटवर्कची मधली परीक्षा होती आणि तिच्यानंतर मोठी, जिच्यावर कंपन्या नोकरी देत.

वाद तिथेच पडला. ओस्मिनला मधली गाळून थेट मोठीला बसायचं होतं. मधलीवर दुकानांतली लहान कामं मिळतात, शिवाय पाया पक्का होतो, असं रोदास म्हणत. एवेलियोला ते पटलं होतं.

"पहिल्या गियरवरून थेट चौथा टाकणार होय रे मेव्हण्या?" तो हसत म्हणाला होता. "गाडी गचका खाऊन जागीच बंद पडेल."

"मग तू बस दुसऱ्यावर रेंगाळत. तेवढ्यात गोळी घालतील."

ओस्मिन हे थट्टेत बोलून गेला होता. एवेलियोला गोळ्या घातल्या त्याच आठवड्याच्या शनिवारी त्याची मधली परीक्षा होती.

एवेलियोला माती देऊन आल्यावर ओस्मिन पुन्हा कामावर गेला. आता बहिणीचं घरही त्याच्यावरच होतं. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली आणि मोटरसायकलवाला आत चढला. बरोबर आणखी एक जण होता. त्या दिवशी काय पाहिलंस, असं मोटरसायकलवाल्याने विचारलं. ओस्मिन म्हणाला, काहीच नाही. दुसऱ्याने त्याचा हात स्टिअरिंगवर दाबून धरला आणि पहिल्याने पिस्तुलाच्या मुठीने बोटं ठेचायला सुरुवात केली. हाड मोडल्याचा आवाज आला की पुढचं बोट. ओस्मिन ओरडला तेव्हा तीच मूठ तोंडावर बसली. तुटलेले दात जिभेवर आले.

"पुन्हा दिसलास तर बहिणीपासून सुरुवात करू," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

त्याच दिवशी भाऊ-बहीण राजधानीला, तेगुसिगाल्पाला पळाले. रोदास यांच्या ओळखीने एक खोली मिळाली. दिल्सिया एका धोबीखान्यात इस्त्रीला लागली आणि ओस्मिन दार लावून मोठ्या परीक्षेचा अभ्यास करू लागला. आधी मधली दे, असं रोदास यांनी फोनवर परत परत सांगितलं. त्याने ऐकलं नाही. मधली परीक्षा म्हटलं की त्याला रक्ताने भिजलेला तो खिसा दिसे.

पहिल्या खेपेला तो सपाटून नापास झाला. अडलेले बरेचसे प्रश्न मधल्या परीक्षेच्या पुस्तकातले होते. घरी येऊन तो भिंतीवर हात आपटत राहिला, अजून नीट न जुळलेला हात, भिंत लाल होईपर्यंत. दिल्सियाने मागून मिठी घालून त्याला खाली बसवलं. तरी तो मधल्या परीक्षेकडे वळला नाही. जुन्या प्रश्नांची उत्तरं घोकून दुसऱ्या खेपेला पास झाला आणि एका कंपनीत नेटवर्कच्या कामाला लागला.

वर्ष सरलं. एका रविवारी जेवण झाल्यावर दिल्सियाने मधल्या परीक्षेचं पुस्तक टेबलावर ठेवलं. तिलाही धोबीखान्यातून बाहेर पडायचं होतं.

"हे आणलंय खरं. पण वाटतं, तुझ्यासारखी थेट मोठीच द्यावी. तू सांग."

"मी गाळली, कारण मला पळायचं होतं. तुझ्या मागे कोण लागलंय? तू मधली दे."

"एवेलियोच्या मागेही लागले होते," ती म्हणाली. "तरी त्याने गाळली नव्हती."

ती टोचून बोलत नव्हती. ओस्मिनला मान वर करवेना.

तिने पुस्तक उघडून एका धड्यावर बोट ठेवलं. भिंतीतली तार मध्येच तुटली असेल तर नेमकी कुठे, हे भिंत न फोडता कसं शोधायचं, असा तो धडा होता. समजावून सांग, म्हणाली. ओस्मिनने पान वाचलं. परत वाचलं.

"मला हे येत नाही, दिल्सिया. मी वाचलंच नव्हतं कधी."

तिने खुर्ची बाजूला सरकवली आणि पुस्तक दोघांच्या मध्ये ठेवलं.